‘सुधारणा आवश्यक’ या रकान्याबद्दल: मुंबईतल्या वर्गशिक्षकांना खुलं पत्र

मुंबईतल्या शाळांमधल्या सर्व वर्गशिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही पहिल्या सत्राच्या नोंदी लिहायला बसाल. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. त्या तिसऱ्या रकान्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. नोंदी लिहून झाल्यावर बोलून उपयोग नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

मी काळाचौकीला राहते. परळच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. माझी मुलगी यंदा चौथीत आहे. १ मेला तिसरीचा निकाल लागला तेव्हा तिच्या प्रगतिपुस्तकात ‘सुधारणा आवश्यक’खाली लिहिलं होतं: ‘वर्गात बोलत नाही. गटात मिसळत नाही.’ अक्षर सुंदर होतं. बाई वाईट नाहीत, उलट जीव लावणाऱ्या आहेत. एकेका वर्गात एवढी मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं सांभाळून त्या शिकवतात. त्यामुळे हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. तीच दोन वाक्यं माझ्या मैत्रिणीच्या मुलाला मिळाली आहेत, भावाच्या मुलीला मिळाली आहेत. तीस वर्षांपूर्वी मलाही मिळाली होती. तेव्हा रकाना एकच असायचा, ‘शेरा’. माझ्या शेऱ्यात सलग तीन वर्षं एकच शब्द होता, ‘अबोल’. आई तो शब्द वाचायची आणि सही करताना माझ्याकडे अशी बघायची की जणू मी काहीतरी हरवून आले आहे.

निकाल घेऊन मुलगी घरी आली. दोन दिवसांनी तिने जुन्या वहीची कोरी पानं फाडून, दोऱ्याने शिवून एक छोटी वही केली. आमच्या चाळीच्या चौकात बदामाचं झाड आहे. त्यावर कावळ्यांनी घरटं बांधायला घेतलं होतं. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ते दिसतं. तिने त्या घरट्याच्या नोंदी सुरू केल्या आणि ४० दिवस एकही दिवस चुकवला नाही. त्यातल्या काही तिच्याच शब्दांत देते.

‘३ मे. दोन कावळे आहेत. एकाने तार आणली. लांब होती, आत जाईना. तीन वेळा खाली पडली. मग वाकवून आणली.’

‘१५ मे. चार अंडी. एक लहान आहे.’

‘२९ मे. लहान अंड्याच्या जागी पिल्लू. बाकीची अजून अंडीच.’

कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, ते कावळ्याच्या अंड्याहून लहान असतं आणि आधी उबतं, हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं. या मुलीने ते नाव माहीत नसताना डोळ्यांनी टिपलं होतं.

जुलैमध्ये परिसर अभ्यासाच्या तासाला बाईंनी विचारलं, पक्षी घरटं कशाचं बांधतात? मुलांनी भराभर उत्तरं दिली: काड्या, गवत, कापूस. मग बाईंनी हिला उभं केलं. ही गप्प. बाई म्हणाल्या, बस खाली, जरा अभ्यास करत जा घरी. हे मला तिच्याच वर्गातल्या, आमच्याच चाळीतल्या मैत्रिणीने सांगितलं. रात्री भांडी घासताना मी सहज विचारलं, तुला येत होतं ना गं? बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाईंनी कुठला पक्षी ते सांगितलंच नाही. मी ठरवत होते, कावळ्याचं सांगू की सगळ्यांचं.’

तिचं ठरेपर्यंत पुढचा प्रश्न आला होता.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाई होत्या. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात, हे त्यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून मोजलं. सरासरी निघाली सुमारे १ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मग काही शिक्षकांना त्यांनी ३ सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त थांबायला शिकवलं. उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुलं कमी झाली, आणि एरवी हात वर न करणारी मुलं आपणहून बोलू लागली. १९७०च्या दशकातलं हे काम आहे आणि त्याला एक रुपया खर्च येत नाही. ३ सेकंद म्हणजे मनातल्या मनात ‘एक, दोन, तीन’. पण भरलेल्या वर्गासमोर तेवढी शांतता फार मोठी वाटते, हे मी समजू शकते. ती सहन करायची सवय मोठ्यांनाच लावून घ्यावी लागेल.

माझ्या कामाचं उदाहरण देते. पावसाळ्यात आमच्याकडे मलेरियाच्या स्लाइड्सची रीघ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या नजरेत परजीवी दिसला नाही म्हणून ‘निगेटिव्ह’ लिहायची आम्हाला मुभा नाही. जाड थेंबाच्या स्लाइडचे किमान १०० फील्ड (एका वेळी भिंगाखाली दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड) पाहायचे आणि मगच रिपोर्टवर सही करायची. घाईत लिहिलेला निगेटिव्ह रिपोर्ट हा आमच्या धंद्यातला मोठा गुन्हा. मुलीचं ते उत्तर ऐकलं त्या रात्री मला सारखं हेच आठवत राहिलं. एका सेकंदात ‘येत नाही’ असा रिपोर्ट आपण मुलाच्या नावावर लिहून मोकळे होतो.

आता स्वभावाकडे येते, कारण खरा गैरसमज तिथे आहे.

न बोलणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांची कमतरता नाही. घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ, शिष्ट, आतल्या गाठीचा. माझी आजी म्हणायची, बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. यातला प्रत्येक शब्द त्या माणसाला बाहेरून बघणाऱ्याने घडवला आहे. आत काय चाललं आहे ते सांगणारा शब्द एकच, ‘अंतर्मुख’, आणि तो मात्र आपण फार आदराने वापरतो. व्याख्यान ऐकून बाहेर पडताना म्हणतो, ‘अंतर्मुख व्हायला झालं.’ नाटकाच्या परीक्षणात लिहितो, ‘प्रेक्षकाला अंतर्मुख करणारा प्रयोग.’ मोठ्यांना क्षणभर तसं करण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागतो! आणि एखादं मूल जन्मतःच तसं असलं की त्याची नोंद आपण ‘सुधारणा आवश्यक’मध्ये करतो.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रात रूढ केली ती कार्ल युंग यांनी, १९२१ साली. कुणी कमी बोलतं, कुणी जास्त बोलतं, एवढ्यापुरतं ते नव्हतं. माणसाच्या मनाचा ओढा कुठे आहे, बाहेरच्या जगाकडे की आतल्या, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी याचं मूळ मेंदूत शोधायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून बाहेरून येणारी थोडीशी उत्तेजनाही त्याला पुरते. बहिर्मुखाला तेवढ्याने काही होत नाही, त्याला अजून हवं असतं. आयझेंक पती-पत्नींनी १९६७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे आणि सुटलेली लाळ कापसावर घेऊन वजन करायचं. अंतर्मुख माणसांच्या तोंडाला जास्त पाणी सुटलं. रोज तराजूवर आणि काचेखाली काम करणाऱ्या मला हे वाचून फार बरं वाटलं. ‘शिष्टपणा’, ‘भाव खाणं’ असं ज्याला म्हणतात, त्याच्या मुळाशी वजन करता येण्यासारखं काहीतरी शरीरात आहे. अर्थात यावरून कुणी मुलांवर शिक्के मारू नयेत. बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात.

दुसरं एक काम मला याहून जवळचं वाटतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या शेकडो बाळांना रंगीत खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले, वास दिले. सुमारे २० टक्के बाळांनी जोरात हातपाय झाडले, रडून गोंधळ घातला. मग ती बाळं मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. आपल्याला वाटेल, एवढा आरडाओरडा करणारं बाळ पुढे धीट, बडबडं होईल. झालं उलटं. त्यातली पुष्कळ मुलं सावध, शांत, आधी बघून मग पाऊल टाकणारी झाली. सगळी नाही झाली, स्वभाव म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. पण हे वाचलं आणि मला लालबागची गल्ली आठवली. मुलगी पाच महिन्यांची असताना गणपतीच्या आगमनाचे ढोल-ताशे आमच्या रस्त्यावरून गेले. बाकीची बाळं कडेवर टकामका बघत होती. ही आक्रोश करून निळी पडली. सासूबाई मीठ-मोहऱ्या उतरवायला धावल्या. आज मला वाटतं, तिला दृष्ट लागली नव्हती. तिच्यापर्यंत तो आवाज इतरांपेक्षा जास्त पोचत होता, इतकंच.

असं मूल मुंबईत वाढतं तेव्हा त्याचं काय होतं, याचा विचार करा. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं. सकाळी पाचला नळाला पाणी येतं तेव्हा बादल्यांचा खणखणाट सुरू होतो. शेजारचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो. समोर पुनर्विकासाचं काम चाललं आहे, तिथला ब्रेकर दिवसभर थांबत नाही. मग रिक्षा, स्कूल व्हॅन, हॉर्न. शाळेत शिरेपर्यंत या मुलाने इतकं ऐकलेलं, पाहिलेलं, सोसलेलं असतं की पहिल्या तासालाच ते थकलेलं असतं. बाहेर शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची सोय कायद्यात आहे. आत मात्र शांत बसलेल्या मुलाला आपण विचारतो, तुला काही होतंय का?

या शहरात एकांत विकत घ्यावा लागतो आणि मुलांकडे पैसे नसतात. म्हणून ती तो चोरतात. माझी मुलगी पोटमाळ्यावर गाद्यांच्या मागे बसते. मी लहानपणी जिन्याच्या वळणावर बसायचे. कामाला लागल्यावर ट्रेनमध्ये, गर्दीत उभं राहून, डोळे मिटून. मधल्या सुट्टीत एखादं मूल मैदानाच्या कडेला भिंतीला टेकून एकटं डबा खाताना दिसलं, तर कृपा करून लगेच त्याला ओढून खेळात घालू नका. ते एकटं पडलेलं आहे की एकटं बसलेलं आहे, एवढं आधी बघा. एकट्या पडलेल्या मुलाची नजर इतरांच्या मागे मागे फिरत असते. एकट्या बसलेल्याची नजर कुठेतरी लागलेली असते, मुंग्यांच्या रांगेवर, ढगावर, स्वतःच्याच बोटांवर.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक गप्प मूल अंतर्मुख नसतं, आणि माझ्या पत्राचा तसा अर्थ कुणी घेतला तर नुकसान होईल. लाजाळू मुलाला बोलायचं असतं, पण हसतील अशी भीती वाटते. त्याला धीर हवा असतो. काल-परवापर्यंत बडबडणारं मूल अचानक गप्प झालं तर घरी काहीतरी घडलं आहे किंवा शाळेत कुणी त्रास देतं आहे, हे आधी तपासावं. एखाद्याला कानानेच कमी ऐकू येत असेल. घरी घडाघडा बोलणारं मूल शाळेत महिनोन्‌महिने तोंडातून एक शब्द काढत नसेल, अगदी ‘बाथरूमला जाऊ का’ एवढंही विचारू शकत नसेल, तर तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो. तो चिंतेचा विकार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो सर्वात आधी लक्षात येऊ शकतो तो तुमच्याच. या मुलांना खरोखर मदत हवी आहे. सगळ्या गप्प मुलांना एकाच वाक्यात गुंडाळलं की नेमकी हीच मुलं नजरेतून सुटतात. ‘वर्गात बोलत नाही’ या नोंदीचा मला सर्वात मोठा राग आहे तो याचसाठी.

तुम्ही म्हणाल, जगात बोलावं तर लागतंच. लागतं. डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगता आलं पाहिजे, अन्याय झाला तर ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. ते मी तिला शिकवते आहे, तुम्हीही शिकवा. पण पोहणं शिकवणं वेगळं आणि ‘तू मासा का नाहीस’ असं विचारणं वेगळं. आमच्याकडे सुट्टी लागली की चाळीच्या नोटिस बोर्डावर व्यक्तिमत्त्व विकास शिबिराची जाहिरात लागते आणि जो तो सांगतो, हिला घाला, हिला स्टेज डेअरिंग नाही. व्यक्तिमत्त्व म्हणजे माइकसमोरची तीन मिनिटं, असं आपण कधी ठरवलं?

मला घडवणाऱ्या एका बाईंबद्दल सांगते. सातवीला आम्हाला भूगोल शिकवायच्या. प्रश्न विचारला की म्हणायच्या, ‘आता कुणी हात वर करायचा नाही. दोन मिनिटं वहीत लिहा.’ मग वर्गातून फिरायच्या, खांद्यावरून वह्या वाचायच्या. एकदा माझ्या बाकापाशी थांबल्या आणि हळू आवाजात विचारलं, ‘हे तुझं मी वाचून दाखवलं तर चालेल?’ मी मान हलवली. त्यांनी वाचलं. कोकणात एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी का आटतात, यावरच्या माझ्या चार ओळी होत्या. वर्ग माझ्याकडे वळून बघत होता आणि मला पहिल्यांदाच त्या नजरा टोचल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मी स्वतः वाचलं. वर्षअखेरीस मी उभी राहून बोलले. त्यांनी मला कधीच ‘बोलतं’ केलं नाही, फक्त विचारलं आणि थांबल्या.

त्यांची ती दोन मिनिटं आजच्या व्यवस्थेतही बसतात. २०१०पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे मूल शिकत असतानाच वर्षभर करायच्या मूल्यमापनाची, आठ साधनतंत्रं तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्यात तोंडी काम हे एक. दैनंदिन निरीक्षण, प्रयोग, कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि ‘इतर’ ही बाकीची. गप्प मुलाला जागा द्यायला नवा शासन निर्णय नको. आहेत तेच रकाने त्याच्या नजरेतून वापरले तरी पुरे. गटकार्यात आधी प्रत्येकाने आपापलं कागदावर लिहायचं आणि मग गटात बोलायचं, एवढं जरी केलं तरी फरक पडतो. १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासात एकेकट्याने विचार करून कल्पना लिहिणाऱ्यांच्या याद्या एकत्र केल्या, तर त्या एकत्र बसून चर्चा करणाऱ्या गटापेक्षा जास्त भरल्या. गटप्रमुख नेहमी सर्वात मोठ्या आवाजाचं मूल असतं, ही सवयही जरा बाजूला ठेवता आली तर बघा.

आणि नोंदी. सत्र संपताना व्हॉट्सअॅपवर वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरतात, हे मला माहीत आहे. वेळेअभावी त्या उतरवून घेतल्या जातात, यात मी तुम्हाला दोष देत नाही. एवढीच विनंती की गप्प मुलापुरती ती यादी बाजूला ठेवा. त्याला एकदा एकटं गाठून विचारा, सध्या तू काय बघतोस, काय जमवतोस, कशाचा विचार करतोस. लगेच उत्तर येणार नाही. तीन दिवसांनी येईल, कदाचित चिठ्ठीवर येईल. ते आलं की ‘आवड-छंद’च्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न पडणार नाही. ‘सुधारणा आवश्यक’मध्ये गणित लिहा, अक्षर लिहा, उशिरा येणं लिहा. माझ्या मुलीचं भागाकाराचं गणित कच्चं आहे, ते जरूर लिहा.

हे पत्र पाठवण्याआधी मी ते तिला वाचायला दिलं. तिच्याबद्दल लिहिलेलं तिला न विचारता जगासमोर ठेवणं मला पटलं नाही. वाचून तिने कागद उशाखाली ठेवला. दोन दिवस काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालून घेताना पाठमोरीच म्हणाली, ‘एक ओळ काढ.’ कुठली ते सांगितलं, ती मी काढली आहे. मग म्हणाली, ‘आणि तू चुकीचं लिहिलंयस. आपल्या गॅलरीतून घरट्याच्या खालच्या तारा फक्त दिसतात. अंडी तिसऱ्या मजल्यावरून दिसायची. मी रोज वरच्या काकूंच्या दारात जाऊन उभी राहायचे.’

ती चूक वर तशीच ठेवली आहे. चाळीस दिवस ती वरच्या मजल्यावर जात होती आणि मला माहीत नव्हतं.

आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई,
काळाचौकी, मुंबई